दीपमाई खालच्या ओळीत

मंगळवार, ४ फेब्रुवारी

कालभद्र सगळ्यात वरच्या ओळीत! मला पटलं नाही. मी म्हटलं, "अरे, जो सोबत्यांना मागे टाकून एकटाच पुढे पळतो, तो कसला पहिला?" शेजारच्या पलंगावरचा परेश म्हणाला, "काका, भावना बाजूला ठेवा. डॅमेज बघा, डॅमेज!" डॅमेज म्हणजे एका घावात समोरच्याचा किती जीव जातो ते.

परेशच्या डोक्यात आता नवीन खूळ आहे. फोनवरच्या सप्तदुर्ग खेळातले सगळे वीर आणि सगळे सोबती ओळीने लावायचे आणि त्याचा व्हिडिओ टाकायचा. त्याला टिअर लिस्ट म्हणतात. ओळी पाच — एस, ए, बी, सी, डी. एस सगळ्यात वर. आमच्या शाळेत तर ए वर असायचा! हा एस मध्येच कुठून आला, विचारलं. "काका, तो तसाच असतो. तुम्ही सगळ्याचं मूळ कशाला शोधता?"

बाकीच्यांचं असं ठरलं. विद्युता बाण लांबून मारते, पण जवळ कुणी आलं की संपली — म्हणून ए. शार्दूल दिसायला देखणा, कामाला शून्य — सी. "आमच्या मामासारखा," परेश म्हणाला. सोबत्यांमध्ये पोलादी बैल एस. घुबड बी. घुबडाला रात्रीच्या दुर्गात वर धरावं असं मी म्हटलं, ते त्याने मानलं. बरं वाटलं.

नमिता डायलिसिसचं मशीन बघायला आली. ती इथली टेक्निशियन. म्हणाली, "दोघं मिळून एक माणूस झालात बघा!" खरंच आहे. परेशच्या सुया उजव्या हातात, माझ्या डाव्या. सुया लागल्या की तो हात हलवायचा नाही. आणि या खेळाला हात दोन लागतात. म्हणून फोन दोन पलंगांच्या मधल्या स्टुलावर. चालवतो तो, घाव घालतो मी. त्याचा डावा, माझा उजवा. हात एकमेकांवरून जातात आणि अडकले की तो ओरडतो, "काका, ट्रॅफिक!"

रक्त बाहेर जातं, धुऊन आत येतं. तेवढा वेळ निघतो.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज मशीन नाही. तहान. पाणी मोजूनच प्यायचं. सुंदराने वाटीत बर्फाचा एक खडा दिला. तो जिभेवर ठेवून खिडकीत बसलो. समोर विक्रोळीच्या जुन्या कंपनीची भिंत, त्यापलीकडे खाडीची झाडं. झाडं पाण्यातच उभी असतात. त्यांचा हेवा वाटला!

बालवाडीत स्वयंपाकाला निघताना सुंदराने पुन्हा विचारलं. चपला घालता घालता, पाठ करून. "अहो, डॉक्टरांना काय सांगू?"

"बघू," मी म्हटलं.

"डिसेंबरपासून बघताय."

डिसेंबरमध्ये तिच्या तपासण्या झाल्या. तिची किडनी मला चालते. डॉक्टर म्हणाले, साखर जरा काठावर आहे, अजून हरकत नाही, पण फार दिवस काढू नका. मी दिवस काढतोय.

वॉर्डात मी सांगून टाकलंय की बायकोची जुळत नाही. परेशलाही तेच. का सांगितलं, कळत नाही. जुळते म्हटलं की लोक विचारणार, मग थांबलात कशासाठी? त्याला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणजे आहे, पण ते बोलून दाखवण्यासारखं नाही.

रोज सकाळी वंदना म्हणतो. पहिली तीन शीलं नीट म्हणतो. चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या, आवाज आपोआप खाली येतो. सुंदरा शेजारी हात जोडून बसलेली असते. तिला वाटतं दम लागतो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज दीपमाईवरून भांडण झालं.

दीपमाई ही सोबती. वाकलेली म्हातारी, हातात दिवा. लढत नाही, पळत नाही. आपला वीर पडला की हळूहळू चालत येते आणि त्याच्या शेजारी बसते. ती बसलेली असेपर्यंत शत्रू जवळ येत नाही आणि पडद्यावर अंधार होत नाही. मग वेळ संपते आणि डाव जातो. बस, एवढंच.

अजून एक आहे. ती बसली की उजवीकडे एक बटण उजळतं — अर्धदान. ते दाबलं तर ती आपला अर्धा जीव काढून वीराला देते आणि वीर उठतो. पण तिचा तो अर्धा पुन्हा कधी भरत नाही. पुढच्या डावात नाही, कधीच नाही. अर्धीच राहते.

बटण उजवीकडे आहे. म्हणजे माझ्या अंगठ्याखाली.

आज पाचव्या दुर्गात कालभद्र पडला. दीपमाई आली, बसली. परेश ओरडायला लागला, "काका, बटण! बटण! अहो दाबा ना!" वेळ संपली. डाव गेला.

"काय राव काका! वाट लावली. परत चुकलात!"

मी म्हटलं, "अंगठा घसरला."

परेशने रागाने तिला डी मध्ये टाकलं. सगळ्यात खाली. "बटण दाबलं तर ए, नाही दाबलं तर नुसती शोभेची. आणि आपल्याकडे ती शोभेचीच आहे." मी म्हटलं, "तिचं अर्धं कायमचं जातं रे." तो म्हणाला, "काका, ती त्यासाठीच आहे! तिला सांभाळून ठेवून काय लोणचं घालायचंय?"

अंगठा घसरला नव्हता.

शनिवार, ८ फेब्रुवारी

खिडकीजवळचा पलंग रिकामा. तिथे श्यामसुंदरजी असायचे, निवृत्त पोस्टमन. आम्ही खेळताना मध्येच विचारायचे, "जिंकलं का रे कुणी?"

नमिताने चादर बदलली. सगळ्यांनी बघितलं. कुणीही विचारलं नाही. इथली रीतच तशी आहे. रिकाम्या पलंगाबद्दल विचारायचं नाही आणि सांगणाऱ्यानेही सांगायचं नाही. पहिल्या महिन्यात मी एकदा विचारलं होतं. अख्खा वॉर्ड माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी देवघरात चपला घालून शिरलो.

परेश म्हणाला, "काका, शार्दूलला बी मध्ये घेऊ. देखणा आहे बिचारा."

बुधवार, १२ फेब्रुवारी

पौर्णिमा. पांढरा सदरा घालून विहारात गेलो. सुंदराही आली. बसताना माझा हात धरून बसवलं. आता तिला ते सांगावं लागत नाही.

भंतेजी दानावर बोलले. देणाऱ्याचं मन देण्याआधी, देताना आणि दिल्यावर प्रसन्न असावं, असं काहीसं. सुंदराने मान वळवली नाही, पण ती माझ्याकडेच बघत होती. कळतं.

घेणाऱ्याबद्दल कुणी बोलत नाही. घेणाऱ्याचं मन कसं असावं? मी शाळेतला शिपाई. गावात दहावी झालो, अक्षर चांगलं होतं म्हणून घाटकोपरच्या शाळेत चिकटलो. घंटा दिली, पाणी भरलं, निकालाच्या दिवशी फळ्यावर खडूने नावं लिहिली. पहिला, दुसरा, तिसरा. वळणदार. पालक फोटो काढायचे. शेवटच्या मुलाचं नाव मला कुणी कधी लिहायला लावलं नाही, पण ते मला नेहमी माहीत असायचं.

आता ते कामही गेलं. घर सुंदरावर चालतं. लेकीचं, प्रियंकाचं, कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे, तेही सुंदरावरच. उभं राहणारं माणूस एकच आणि त्याचं अर्धं काढून ज्याला द्यायचं, तो हा. काय करणार मी त्याचं? अजून काही वर्षं खिडकीत बसणार!

ओळी पाडायच्या म्हटल्या तर मला माझी ओळ ठाऊक आहे. तिथपर्यंत कुणी खाली वाकू नये.

हे बोलून दाखवण्यासारखं नाही. म्हणून इथे लिहिलं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

परेशने व्हिडिओ टाकला. सुरुवातीला त्याचा आवाज — "नमस्कार मंडळी, भांडुप कोळीवाड्यातून तुमचा परेश, आणि सोबत आमचे काका!" मला काहीतरी बोला म्हणाला. मी "जयभीम, नमस्कार" म्हणालो आणि घाबरून गप्प बसलो. मागे मशीनची टुकटुक ऐकू येते. खाली कुणीतरी लिहिलंय, हा आवाज कसला, म्युझिक बंद कर. दुसऱ्याने लिहिलंय, काकांना एस मध्ये टाका. परेश खूप हसला.

मग एकदम म्हणाला, "काका, माझा नंबर अजून तिथेच आहे." मेलेल्या माणसाची किडनी मिळते, त्या यादीतला नंबर. त्याच्या आईची घेतली नाही. तिला साखर आहे. बाप लहानपणीच गेला. भाऊबहीण नाही. "कुणीतरी चांगला धडधाकट माणूस मेला पाहिजे काका, आणि माझ्या रक्तगटाचा. हे मागायचं तरी कुठल्या देवाकडे? एकवीरा आईला सांगताना लाज वाटते."

मी हातातल्या सुयांकडे बघत राहिलो.

"तुमचंही तसंच ना," तो म्हणाला. "जुळत नाही म्हणजे खेळ खल्लास. आपण दोघं सेम."

मी मान हलवली. हो म्हटलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

वजन जास्त भरलं. चोरून पाणी प्यालो होतो. नमिता ओरडली, परेशने दात काढले.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

परेशचा पलंग रिकामा.

आत गेलो तर तिथे दुसरंच माणूस. हर्षद नावाचे, इथे हॉस्पिटलजवळ मुलुंडलाच दुकान आहे. चादर नवी. नमिता सुया लावताना माझ्या डोळ्यांत बघत नव्हती. की मीच बघत नव्हतो?

विचारलं नाही.

मधलं स्टूल होतं तिथेच. त्यावर हर्षदभाईंनी डबा ठेवला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आजही नाही. शनिवारी तर चांगला होता! दात काढत होता! पण श्यामसुंदरजीही चांगलेच होते.

फोनवर परेशचा एक आवाजी निरोप आहे. सोमवारी संध्याकाळचा. मी तेव्हा बघितला नाही, मंगळवारी बघितला. उघडलेला नाही. त्यात त्याचा आवाज असणार. "काका, ट्रॅफिक!" असं काहीतरी असणार. ऐकवत नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सुंदरा म्हणाली, जाऊन भेटून या त्याच्या आईला. माणूस म्हणून. मी येते सोबत.

रविवार, २३ फेब्रुवारी

काय लिहू!

पांढरा सदरा घातला. सुंदराने पांढरी साडी. बसने भांडुपला उतरून विचारत विचारत कोळीवाड्यात गेलो. दारोदारी बांबूवर बोंबील वाळत होते. परेशच्या घराच्या ओट्यावर त्याची आई मंजुळाबाई जवळा निवडत बसली होती. आम्ही काही न बोलता ओट्यावर टेकलो. अशा वेळी हाक मारायची नसते, आधी बसायचं असतं. सुंदराने पदर तोंडाला लावला.

मंजुळाबाईने एकदा आमच्याकडे बघितलं, एकदा जवळ्याकडे. "सुकट पायजे का? सोडे पन हायत, ताजे हायत."

म्हटलं, "आम्ही परेशचे... हॉस्पिटलातले..."

"आगो बाय! काका का तुमी? बसा बसा. परेश आंघोल करतंय, येल आता."

तेवढ्यात तो बाहेर आला! खांद्यावर टॉवेल, तोंडात ब्रश. आमच्याकडे बघून ब्रश काढला.

"काका? पांढरं घालून? कोण गेलं?"

सुंदरा म्हणाली, "तू!"

मग मंजुळाबाई हसायला लागली. हसता हसता जवळ्याचं सूप कलंडलं. "माजा पोर मेला म्हनून आलाव तुमी? आगो माजे आये!" आणि हसतानाच डोळे पुसायला लागली. आत जाऊन मीठमिरची आणली आणि परेशवरून उतरवून टाकली. मग थोडी माझ्यावरूनही.

परेशला मामाच्या बर्फाच्या डेपोत सकाळचं काम मिळालं होतं. म्हणून तो संध्याकाळी मशीनवर जायला लागला. "मी निरोप टाकला होता ना काका! ऐकला नाही?" मी म्हटलं, नाही ऐकला. का, ते त्याला लगेच कळलं. माझ्या शेजारी येऊन बसला. ओला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. "काय हो काका तुम्ही," म्हणाला. माझे डोळे भरले. किती बरं वाटलं, लिहिता येत नाही.

तिथेच उठायला हवं होतं.

मंजुळाबाईने चहा आणला. मला अर्धाच कप, तिला सवय आहे. सुंदराला म्हणाली, "आपल्या दोघींचं एकच नशीब बाय. माजी साखरंनी घेतली नाय, तुजी जुळली नाय."

सुंदराने कप खाली ठेवला. "माझी जुळते की! डिसेंबरपासून जुळते. हेच घेत नाहीत."

तिला माहीतच नव्हतं मी वॉर्डात काय सांगितलंय.

परेशचा हात गुडघ्यावरून निघाला. हळूच निघाला. तो माझ्याकडे बघत होता, पण जसा फोनच्या पडद्याकडे बघतो तसा, हिशोब लावत.

"तुमचा अंगठा घसरत नव्हता," म्हणाला. "तुम्ही दाबतच नव्हता."

मी कप उचलला.

"काका, मी रोज कुणीतरी मरायची वाट बघतो. आणि तुमच्या घरात आहे. भाकरी करून घालते तुम्हाला. आणि तुम्ही मला बोललात आपण सेम?"

मंजुळाबाई माझ्यासमोर उकिडवी बसली. रागावली नव्हती, तेच वाईट. "माजी घेवा म्हनून मी डाक्टरच्या पाया परले रं. तो बोलला, मावशी, नाय. आन तुजी बायको देतंय, तू नको बोलतंस? असा कसा रं तू?"

मी म्हटलं, "मी त्या लायकीचा नाही, बाई."

"लायकी कोन इचारतंय तुना?" ती म्हणाली. "माजा पोर काय लायकीचा हाय? दिसभर फोन घेऊन बसतंय. तरी मी देत होते ना!"

परेश उठून आत गेला. आतून म्हणाला, "आई, त्यांना बस दाखव."

बसमध्ये सुंदरा दुसऱ्या बाकावर बसली. विक्रोळी आल्यावर हात धरून उतरवलं तेवढंच.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

नमिताला म्हटलं, परेश संध्याकाळी येतो हे मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "काका, तुम्ही विचारलंत कुठे?"

सप्तदुर्ग माझ्या फोनवर घेतला. एका हाताने खेळता येत नाही. चालवलं तर घाव घालता येत नाही, घाव घातला तर जागचा हलत नाही. पहिल्याच दारात मेलो. हर्षदभाई म्हणाले, "आ शुं रमो छो? काय खेळता?" मी फोन उशीखाली ठेवला.

आवाजी निरोप ऐकला. "काका, उद्यापासून मी संध्याकाळी. तुमच्या हाताला सुट्टी! पण लिस्ट पूर्ण करायची आहे हां. दीपमाईचं तुम्ही नीट ठरवा, तुमची फेव्हरेट आहे ती." मागे आईचा आवाज, जेवायला ये रं.

शनिवार, १ मार्च

परेशने नवीन व्हिडिओ टाकला. प्रियंकाने दाखवला. खेळाचं चित्र हलत नाही, स्थिर आहे. एक हात बांधलेला, खेळणार कसा? नुसता बोलतो.

"मंडळी, एक चूक दुरुस्त करतो. दीपमाईला मी डी मध्ये टाकलं होतं. ती एस आहे. कालभद्राच्या वर. चूक तिची नव्हतीच. सोबती खालच्या ओळीतला नसतो, खेळणारा असतो." मग डी च्या खाली अजून एक ओळ पाडली, रिकामी. "ही ओळ अशांसाठी, ज्यांच्याकडे ती आहे आणि ज्यांनी बटण दाबलं नाही."

नाव घेतलं नाही. खाली कुणीतरी विचारलंय, ते काका कुठे गेले?

प्रियंका म्हणाली, "बाबा, हा कोणाबद्दल बोलतोय एवढं चिडून?" सुंदरा पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

तीनदा बघितला. मी लायकी, लायकी करत बसलो होतो. त्या ओळी मीच पाडल्या होत्या. तिने कधी पाडल्या नाहीत. ती नुसती दर सकाळी चपला घालताना विचारायची.

रविवार, २ मार्च

सुंदराला म्हटलं, "डॉक्टरांना हो सांग."

तिने तांदूळ धुवायचे थांबवले नाहीत. पाणी ओतलं, परत भरलं, परत ओतलं. म्हणाली, "उद्या बदललं तर?"

"नाही बदलणार."

"कोळणीने सांगितलं म्हणून?"

"तू विचारत होतीस म्हणून."

मग ती रडली. पाठ करूनच. मी उठून तिच्यामागे उभा राहिलो. काय करायचं असतं अशा वेळी, एवढ्या वर्षांत शिकलो नाही. पदराला लागलेलं पीठ झटकलं.

सोमवार, १० मार्च

डिसेंबरच्या तपासण्या जुन्या झाल्या म्हणे. सगळ्या पुन्हा केल्या. सुंदराला उपाशीपोटी बसवलं, गोड पाणी पाजलं, परत रक्त, परत रक्त. ती हातावर कापूस धरून माझ्याशेजारी बसली होती. इतकी आनंदात मी तिला प्रियंकाच्या जन्मानंतर बघितली नव्हती. म्हणाली, "ऑपरेशन झालं की पहिल्यांदा काय कराल?"

"पाणी पिईन. तांब्याभर."

"मी भरून ठेवीन," म्हणाली.

सकाळी वंदना म्हटली. चौथ्या शीलाला आवाज खाली गेला नाही.

बुधवार, १९ मार्च

साखर काठावर नाही, काठाच्या पलीकडे गेली. घेता येणार नाही. पुढे तिलाच धोका आहे. डॉक्टर चांगले आहेत, खुर्ची ओढून जवळ बसले. "तीन महिन्यांपूर्वी चाललं असतं" हे त्यांनी म्हटलं नाही. कागद उलटे करत राहिले.

परतताना सुंदरा रस्त्यावर उभी राहिली. म्हणाली, "आता वॉर्डात तुम्हाला खोटं बोलायला नको."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

गुरुवार, २० मार्च

हर्षदभाईंनी विचारलं, घरातलं कुणी देत नाही का? बायकोची जुळत नाही?

"नाही," मी म्हटलं.

परेशला आवाजी निरोप पाठवला. पहिल्यांदाच. "मी हो म्हटलं होतं. तिला साखर निघाली. तुझी ओळ बरोबर होती." तीन वेळा पुसून परत बोललो. त्याने ऐकला, निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

शुक्रवार, २१ मार्च

उत्तर नाही.

मंगळवार, २५ मार्च

सुंदराने बुद्धमूर्तीजवळ तांब्या भरून ठेवलाय, झाकून. का, विचारलं नाही. संध्याकाळी तो कुंडीतल्या झाडाला ओतते, सकाळी परत भरते.

तिच्या साखरेच्या गोळ्या आणि माझ्या गोळ्या आता एकाच डब्यात.

शनिवार, २९ मार्च

शेजारच्या पलंगावर परेश! हर्षदभाई संध्याकाळच्या वेळेला गेले. बर्फाचं काम सुटलं, म्हणाला, झेपेना. तपासणीत हृदय कमजोर निघालं. यादीतून नाव काढलं. छताकडे बघत एवढंच बोलला. नमिताने सुया लावल्या, त्याच्या उजव्या, माझ्या डाव्या.

मग त्याने फोन मधल्या स्टुलावर ठेवला आणि डावा हात पुढे केला. मी उजवा.

पाचव्या दुर्गाच्या दारात कालभद्र पडला. दीपमाई चालत आली, दिवा खाली ठेवून त्याच्याजवळ बसली. बटण उजळलं. या वेळी मी घाईने अंगठा नेला. परेशने माझ्या हातावर हात ठेवला.

"राहू द्या काका. बसू दे तिला."